ड्रुपल की अडोबी एक्सपिरियन्स मॅनेजर: सूचीबद्ध कंपनीच्या संकेतस्थळासाठी काय घ्यावं?

ड्रुपल आणि अडोबी एक्सपिरियन्स मॅनेजर ही दोन्ही संकेतस्थळ उभं करून त्यावरचा मजकूर सांभाळणारी सॉफ्टवेअरं. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीचं संकेतस्थळ म्हणजे नुसती जाहिरात नव्हे. सेबीच्या २०१५ च्या नियमावलीतल्या ४६ व्या नियमाप्रमाणे आर्थिक निकाल, भागधारणेचा तपशील तिथे ठेवावाच लागतो, आणि बदल झाला की दोन कामकाजाच्या दिवसांत तो दाखवावा लागतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: कंपनी सेक्रेटरीकडची पीडीएफ साइटवर चढेपर्यंत किती हातांतून जाते?

अडोबीचं उत्पादन इथे भक्कम आहे. मंजुरीचे टप्पे आखता येतात, फोटो-व्हिडिओंचं भांडार उत्तम सांभाळलं जातं. दहा-बारा देशांत साइट असलेल्या उद्योगसमूहाला ते शोभतं. पण परवाना महाग, आणि जावा ही प्रोग्रामिंगची भाषा जाणणारी अनुभवी माणसं कायम हाताशी लागतात.

ड्रुपल २००१ पासून मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वापरता-बदलता येतो; परवान्याचा खर्च शून्य. आठव्या आवृत्तीपासून बहुभाषिक सोय गाभ्यातच आहे, त्यामुळे मराठी-हिंदी पानं वेगळी खटपट न करता उभी राहतात. मंजुरीचे टप्पे इथेही आखता येतात. एका कंपनीच्या एका साइटसाठी मी बेधडक हेच सुचवेन.

मात्र देखभालीचा करार आधी करा. ऑक्टोबर २०१४ मधली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाल्यावर सात तासांत दुरुस्ती न केलेली साइट हॅक झाली असंच समजा, असं ड्रुपलच्याच सुरक्षा पथकाने सांगितलं होतं.