मॉड तयार झाला, आता टाकायचा कुठे?

मॉड, म्हणजे गेममध्ये तुम्ही केलेला बदल किंवा घातलेली भर, बनलाय, दोन मित्रांच्या मशीनवर चालवूनही पाहिलाय. पुढचा प्रश्न ठरलेला: स्टीम वर्कशॉप (स्टीम या गेम-दुकानातलाच मॉडचा विभाग) की नेक्सस (मॉडची स्वतंत्र वेबसाइट)? खरं तर बऱ्याचदा हा निर्णय गेमनेच घेतलेला असतो. स्टार्ड्यू व्हॅलीला वर्कशॉपच नाही, तिथली गर्दी नेक्ससवर. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती स्टीमवर मिळत नाही, म्हणजे तिथेही वर्कशॉप बाद.

खरी निवड करावी लागते ती स्कायरिमच्या २०११ च्या मूळ आवृत्तीसारख्या गेमसाठी, जिथे दोन्ही वाटा खुल्या आहेत. वर्कशॉप २०११ साली सुरू झालं आणि त्याचं सगळं सुख एका बटणात आहे. खेळाडूने सबस्क्राइब केलं की फाइल आपोआप जागेवर बसते, तुम्ही सुधारणा टाकलीत की तीही आपोआप पोचते. नवख्या खेळाडूपर्यंत जायचं तर याला तोड नाही. पण दुखणंही तिथेच आहे. नव्या आवृत्तीत एक चूक राहिली, तर खेळाडू सकाळी उठतो तेव्हा त्याचा शंभर तासांचा सेव्ह (साठवलेला खेळ) उघडत नाही, आणि जुन्या आवृत्तीवर परतायची सोय त्याच्या हाती सहसा नसते. शिव्या अर्थात तुम्हालाच. शिवाय ज्याने गेम जीओजीसारख्या दुसऱ्या दुकानातून घेतलाय, तो दाराबाहेर.

नेक्सस २००१ पासूनचं, मॉरोविंड या गेमच्या चाहत्यांनी उभं केलेलं. इथे जुन्या आवृत्त्या पानावर ठेवता येतात, आणि तुमची टेक्स्चर्स (वस्तूंवर चढवायची चित्रं) दुसऱ्याने वापरावीत की नाही, मॉड दुसऱ्या गेममध्ये न्यावा की नाही, हे एकेक करून नोंदवता येतं. डाउनलोडच्या प्रमाणात डोनेशन पॉइंट्सही मिळतात. त्यावर घर चालेल असं मात्र समजू नका. खेळाडूला खातं काढावं लागतं आणि फुकटच्या खात्यावर वेग कमी, म्हणून मोठी फाइल असेल तर तो कुरकुरतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. २०२१ मध्ये नेक्ससने फाइल कायमची पुसण्याची मुभा काढली. तुम्ही मॉड मागे घेतलात तरी तो संग्रहात राहतो आणि ज्या ‘कलेक्शन’मध्ये (अनेक मॉडांच्या तयार संचामध्ये) आहे तिथून मिळत राहतो. त्यावर चिडून बऱ्याच मॉडरांनी नियम लागू होण्याआधीच आपलं काम उचलून नेलं. मला नेक्ससची बाजू पटते, कारण एक मॉड गायब झाला की त्यावर उभे असलेले दहा कोसळतात. पण आपलं काम हवं तेव्हा मिटवता यावं असं ज्याला वाटतं, त्याने वर्कशॉपच धरावं.

पैशांचं म्हणाल, तर २०१५ च्या एप्रिलमध्ये वर्कशॉपवर स्कायरिमचे मॉड विकायला निघाले होते, मॉडरला २५ टक्के. इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच ते गुंडाळलं.

माइनक्राफ्टवाल्यांपुढे कर्सफोर्ज आणि मॉडरिंथ या दोन वेबसाइट. पहिल्याकडे प्रचंड साठा आणि खेळाडू, दुसरं मुक्तस्रोत, हलकं आणि नीटनेटकं. मॉड दोन्हीकडे टाका, फार तर दहा मिनिटं जास्त जातील. पासवर्ड मात्र जपा: २०२३ च्या जूनमध्ये कर्सफोर्जवरची काही खाती ताब्यात घेऊन मॉडांमधून मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पसरवलं गेलं होतं.

कन्सोलवरचे (प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवरचे) खेळाडू हवे असतील तर मॉड.आयओ ही गेममध्येच जोडता येणारी मॉड-सेवा पाहा. बाल्डर्स गेट ३ च्या कन्सोल आवृत्तीत २०२४ पासून मॉड त्यातूनच येतात. पण गेम बनवणाऱ्यांनी ते जोडलेलं असेल तरच उपयोग.

आणि आपल्याकडची सवय: बस सिम्युलेटर इंडोनेशियासाठी लाल परीची लिव्हरी (बसची रंगसजावट) बनवायची आणि यूट्यूब व्हिडिओखाली ड्राइव्हची लिंक चिकटवायची. हा गेम फोनमधली फाइल थेट घेतो, त्यामुळे चालून जातं. पण चार दिवसांत तीच लिव्हरी दुसऱ्याच्या नावाने फिरताना दिसते, आणि ‘ही मूळ माझी’ हे दाखवायला तुमच्याकडे फाइलच्या तारखेचं पानही नसतं. निदान मूळ फाइल गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर रिलीज (जाहीर केलेली आवृत्ती) म्हणून ठेवा (एक फाइल २ जीबीच्या आत हवी) आणि व्हिडिओखाली तीच लिंक द्या.