उन्हाळ्यात कायोटीसाठी घरी केलेलं आमिष आणि लूर: मार्च ते सप्टेंबरचा अनुभव

टेक्ससच्या हिल कंट्रीत शेळ्या पाळायच्या म्हणजे कायोटीशी, म्हणजे लांडग्याच्या कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या अमेरिकी नातलगाशी, गाठ ठरलेलीच. आमच्याकडे बोअर आणि स्पॅनिश शेळ्यांचा मिश्र कळप आहे. (बोअर हे नाव फलटणकडच्या माणसाला नवीन नाही. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात ही जात भारतात आणली, आणि अमेरिकेतही ती त्याच दशकात पोचली.) वसंतातली करडं कळपात बागडायला लागतात तेव्हाच कायोटीचीही पिल्लं होतात. मादी साधारण ६३ दिवस गाभण असते, एप्रिल-मेच्या सुमारास पिल्लं होतात, आणि बिळावर खाणारी तोंडं वाढली की जोडी कुंपणाच्या आत शिरायला लागते.

इथे बहुतेक लोक सापळे लावतात ते हिवाळ्यात, फरसाठी. त्यामुळे बाजारातलं आमिष आणि लूर थंडीच्या हिशोबाने बनवलेलं असतं. तीच बाटली ३८ अंशांत उघडली की तेल वर, गाळ खाली, आणि दुसऱ्या दिवशी सापळ्याच्या खड्ड्यात फक्त मुंग्या. म्हणून यंदा अख्खा उन्हाळा घरी बनवलेल्या मालावर काढला. निष्कर्ष आधी सांगतो: उन्हाळ्यात मांसावर भर देऊ नका, वासावर द्या. आमिष म्हणजे खड्ड्यात टाकायचं खाणं, लूर म्हणजे थेंबभर लावायचा वास. थंडीत दोन्हींचं महत्त्व जवळपास सारखं असतं. उन्हाळ्यात लूर पुढे जातं, आणि बरंच पुढे जातं.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं टेक्ससपुरतं आहे. इथे कायोटीला बंद मोसम नाही आणि स्वतःच्या जमिनीवर कळप वाचवण्यासाठी सापळा लावता येतो. भारतात कोल्हा आणि लांडगा यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. तिथे सापळा लावणं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. माणदेशातल्या मेंढपाळाचं नुकसान खरं असतं, पण त्याचा मार्ग वनखात्याकडे पंचनामा आणि भरपाई हाच.

इथेही करडू मेलं की लगेच सापळा लावायचा नाही. आधी मेलेलं करडू नीट बघायचं. कायोटी बहुधा गळ्याला, जबड्याच्या खाली धरते. तिथलं कातडं सोलून पाहिलं की दातांची भोकं आणि साकळलेलं रक्त दिसतं. मोकाट कुत्री मागचे पाय, कुशी, कान, जिथे मिळेल तिथे फाडतात आणि बरेचदा खातही नाहीत. कुत्र्याचं काम असेल तर कायोटीचा सापळा लावून काय उपयोग? शेजाऱ्यांशी बोलावं लागतं.

आता मांसाच्या आमिषाबद्दल. घरी करायची पद्धत सगळीकडे साधारण सारखीच: मांसाचे सुपारीएवढे तुकडे करायचे, काचेच्या बरणीत भरायचे, झाकण सैल ठेवायचं म्हणजे गॅस निघून जातो, आणि बरणी सावलीत मुरू द्यायची. थंडीत याला आठवडे लागतात, इथल्या जूनमध्ये दोन-तीन दिवस पुरतात. खरी कसब आहे ती कुजणं थांबवण्यात. वास आधी आंबूस, किंचित गोडसर येतो. मग डोळ्यांत पाणी आणणारा अमोनिया सुरू होतो. थांबवायचं ते आंबूस असतानाच. त्यासाठी सोडियम बेंझोएट, तेच जे घरच्या सरबतांत आणि स्क्वॅशमध्ये टिकण्यासाठी घालतात. चार लिटरला साधारण ३० ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून. बेंझोएट आंबट माध्यमातच नीट काम करतं, त्यामुळे अमोनिया सुटल्यावर ते कितीही ओतलं तरी कुजणं पुढे चालूच राहतं. शेवटी ग्लिसरीन घालायचं. ते ओल धरून ठेवतं. नाहीतर इथल्या वाऱ्यात मांसाची एका दिवसात चामडी होते.

एवढं सगळं जमूनही मांस उन्हाळ्यात मधलंच ठरलं. पहिली अडचण माश्यांची. बरणीचं तोंड बारीक जाळीने बांधलं नाही तर काही तासांत अंडी पडतात. दुसरी मुंग्यांची. इथल्या लाल फायर अँट्स खड्ड्यातलं मांस रात्रीतून पोखरतात, आणि मुंग्यांनी भरलेल्या खड्ड्यात कायोटी नाक घालत नाही. तिसरी मला सगळ्यात गंभीर वाटते: मांसाला स्कंक येतो, रॅकून येतो, ऑपॉसम येतो (हे सगळे इथले लहान रानटी प्राणी), शेजारचं कुत्रं येतं. ज्या रात्री सापळ्यात स्कंक बसला, त्या रात्री तो सापळा कायोटीसाठी नव्हताच. शिवाय मांस उघडं दिसलं की गिधाडं उतरतात. म्हणून ते खड्ड्यात खोल, वर गवताचा बोळा दाबूनच ठेवायला हवं.

मांस कुठलं वापरायचं, यावरही सांगायचं आहे. इथे रानडुकरं उदंड आहेत आणि फुकटचं मांस म्हणून बरेच जण तेच वापरतात. मी वापरत नाही. रानडुकरांत स्यूडोरेबीज हा विषाणू असू शकतो. माणसाला त्याचा त्रास सहसा होत नाही, पण कुत्र्याने तसलं कच्चं मांस खाल्लं तर ते वाचत नाही. माझ्या कळपाची राखण दोन पिरेनीज कुत्री करतात, आणि त्यांच्यापेक्षा कुठलंही आमिष मोठं नाही. रानससा चालतो, पण सशातून टुलारेमिया या रोगाचा धोका असतो, त्यामुळे सोलताना आणि कापताना हातमोजे हवेतच. मी बहुतेक वेळा कोंबडीचं टाकाऊ मांसच वापरलं.

माशाचं तेल मात्र उन्हाळ्याचंच काम. ऊन जेवढं कडक तेवढं ते लवकर होतं. कार्प माशाचे तुकडे बरणीत भरून, तोंडाला जाळी बांधून, घरापासून लांब उन्हात ठेवले. दोनेक आठवड्यांत मांस विरघळून खाली बसतं आणि वर पिवळसर तेल येतं. ते हलक्या हाताने काढून गाळायचं. सुकट भाजल्यावर कपड्यांना चिकटून राहतो तसा तो वास, फक्त कैक पट. लांबून बोलावण्यासाठी याला तोड नाही. माशाच्या वासाची ओढ किती, याचा मोठा दाखला टेक्ससमध्येच आहे. दक्षिण टेक्ससच्या कायोटींमध्ये कुत्र्यांचा रेबीज पसरला होता, तेव्हा १९९५ पासून राज्याने विमानातून लशीची आमिषं टाकली. तोंडावाटे द्यायच्या या लशीच्या आमिषांत फिशमील, म्हणजे सुक्या माशांची भुकटी, भरपूर वापरतात. २००७ मध्ये अमेरिका कुत्र्यांच्या त्या रेबीजपासून मुक्त जाहीर झाली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. आमच्या कुत्र्यांना आणि कायोटींनाही त्याचा फायदा झाला.

पण माशाच्या तेलाची एक खोड आहे. कायोटीला त्यात लोळायला आवडतं. ती नाकाने पुढे येण्याऐवजी खांदा टेकते, सापळा अंगाखाली उडतो, आणि सकाळी सापळ्याच्या जबड्यात केसांचा पुंजका मिळतो. त्यामुळे तेल सापळ्यापाशी लावायचं नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दहा-पंधरा पावलांवर, सीडरच्या झाडाच्या फांदीला थोडं चोपडायचं. ते फक्त हाक मारतं. पुढचं काम दुसऱ्या वासाचं.

तो दुसरा वास म्हणजे हिंग, आणि या हंगामात मी सगळ्यात जास्त जीव लावला तो त्यालाच. अमेरिकेतल्या ट्रॅपरांच्या, म्हणजे सापळे लावणाऱ्यांच्या, जुन्या कृतींमध्ये हिंग शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. मध्य आशियातल्या एका झाडाचा चीक आपल्या फोडणीत येतो आणि तोच इथे कायोटीच्या खड्ड्यात जातो, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. मात्र डबीतला बांधानी हिंग इथे चालत नाही. त्यात पीठ आणि डिंक असतो, ओल लागली की बुरशी येते. खडा हिंग लागतो. तो कुटायचा, तीव्र अल्कोहोलमध्ये भिजवायचा, बाटली अंधारात ठेवून रोज हलवायची, आणि दोन आठवड्यांनी फडक्यातून गाळायचा. जो तपकिरी अर्क उरतो तो थेंबाथेंबाने वापरायचा.

नुसत्या हिंगापेक्षा अंड्यासोबतचा हिंग चांगला चालला. फेटलेली अंडी सैल झाकणाच्या बरणीत आंबवायची, वास पूर्ण चढला की ग्लिसरीन आणि बेंझोएट घालायचं, आणि मग हिंगाचा अर्क. आंबलेल्या अंड्याचा वास कायोटीला खेचतो, हे अमेरिकी सरकारच्या संशोधकांनी १९७०च्या दशकातच अभ्यासलं होतं. त्याच वासाने हरणं मात्र दूर राहतात. बागेतून हरणं पळवायची बरीच औषधं अंड्याचीच असतात. आमच्या रानात हरणं इतकी आहेत की सापळ्यावर त्यांचा खूर पडू नये ही रोजची काळजी, आणि या लूरने ती बरीच हलकी केली. मुंग्याही मांसाच्या मानाने फारच कमी.

हे मिश्रण खड्ड्यात ओतायचं नाही. मेंढीच्या लोकरीचा लहान बोळा त्यात बुडवून, काडीने खड्ड्याच्या तळाशी दाबायचा. लोकर वास धरून ठेवते, माती तो पिऊन टाकत नाही. खड्डा तिरका, सुमारे वीतभर खोल, तोंड वारा जातो त्या बाजूला. सापळा त्याच्या पुढ्यात, चाळलेल्या कोरड्या मातीखाली. एका रात्री कॅमेऱ्यात एक मादी दिसली. ती लांबून अर्धं वर्तुळ घेऊन आली, वारा नाकावर येईल अशा जागी थांबली, मान खाली घातली, कान पुढे केले, आणि खड्ड्याच्या तोंडाशी इतका वेळ हुंगत राहिली की तिच्या श्वासाने मातीचे कण हलताना दिसत होते. मांसाच्या खड्ड्यापाशी असं थांबताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. तिथे त्या पंजाने उकरायला बघतात, आणि तेही बाजूने.

वासासाठी कायोटीचं मूत्रही वापरतात, ते मी विकतच घेतलं. सापडलेल्या जनावरांच्या ग्रंथी ग्लिसरीनमध्ये मुरवून थोडं ग्रंथींचं लूरही केलं. पिल्लांच्या दिवसांत जोडी आपला इलाखा जपत असते, तेव्हा परक्या कायोटीचा वास खाण्याच्या वासापेक्षा जास्त परिणाम करतो. मे-जूनमध्ये माझं सगळ्यात चांगलं काम हिंग-अंड्याचं लूर खड्ड्यात आणि मूत्राचे काही थेंब मागच्या दगडावर, या जोडीनेच झालं. मूत्रातही चमचाभर ग्लिसरीन घालावं, नाहीतर उन्हात ते दुपारपर्यंत उडून जातं.

ऑगस्टमध्ये सगळंच मंदावतं. मेस्कीटच्या झाडाच्या शेंगा, काटेरी निवडुंगाची लाल फळं, नाकतोडे, उंदीर, सगळं उदंड असतं, आणि कायोटी ते सगळं खाते. तिच्या विष्ठेत तेव्हा नुसत्या बिया दिसतात. मी गोडसर लूरही करून पाहिलं, बडीशेपेसारख्या वासाचं अ‍ॅनिस तेल आणि मध घालून. मुंग्यांची जत्रा भरली. पुन्हा करणार नाही.

लूर इतकं चांगलं चालत असेल तर सापळाही तितकाच जबाबदारीने लावायला हवा. जबड्यांत फट असलेले सापळे, साखळीला फिरते दुवे, आणि मधल्या पॅनला (ज्यावर पाय पडला की सापळा उडतो तो पत्रा) साधारण पावणेदोन किलोचा दाब, म्हणजे स्कंक किंवा ऑपॉसमच्या वजनाने तो उडत नाही. टेक्ससमध्ये फर असलेल्या प्राण्यांचे सापळे ३६ तासांत तपासायचा नियम आहे. उन्हाळ्यात ३६ तास फार झाले. मी उजाडायच्या आत फेरी मारतो, कारण सापळ्यात बसलेल्या जनावरावर सकाळचं ऊन चढू देणं मला मान्य नाही. ज्या दिवशी पहाटे जाणं शक्य नाही, त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे सापळे बंद करून ठेवतो. आणि राखणीची कुत्री ज्या कुरणात आहेत तिथे सापळा लावतच नाही.

खर्च फार नाही. महाग पडतो तो फक्त खडा हिंग. बरण्या घराबाहेर, सावलीत, कुलपात ठेवा, आणि प्रत्येकीवर काय आहे व कधी केलं हे लिहा. अर्काची बाटली स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

कळप असलेल्याने हे घरी करावं का? करावं, पण एप्रिलच्या आधी बरण्या तयार हव्यात, कारण पिल्लं झाल्यावर सुरुवात केली तर अर्क मुरेपर्यंत जून उजाडतो. अंडी, हिंग, ग्लिसरीन, लोकर एवढ्यावर सुरुवात पुरेशी आहे. आता रात्री थंड व्हायला लागल्या आहेत, मुंग्या जमिनीत खोल जातील, तेव्हा ऑक्टोबरअखेरीस कोंबडीच्या मांसाची बरणी पुन्हा काढणार आहे, आणि माशाचं उरलेलं तेल हिवाळ्यात घट्ट होतं का तेही बघणार आहे.