जिप्सीचं २ इंची लिफ्ट किट, एक पावसाळा काढून: किट चांगलं, पण पाचर कुठाय?

ज्यांना फक्त निकाल पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, मारुती जिप्सी उंच करायचं हे किट घ्या, पण मागच्या ॲक्सलच्या (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) पाचरी (एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ तुकडे) पदरात पाडून घेतल्याशिवाय विकणाऱ्याला शेवटचा हप्ता सोडू नका. बाकी पुढचं सगळं या एकाच गोष्टीवर आहे, त्यामुळं शॉकअपचा रंग आणि अनबॉक्सिंग वगैरे बघायला आला असाल तर इथं काही मिळणार नाही.

गाडी जिप्सी किंग एमपीएफआय, टायर २१५/७५ आर १५. किटमध्ये जास्त कमानीचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी), यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळणारे) आणि चार शॉकअप, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बसवल्यावर पहिले काही दिवस मी खूश होतो. दाजीपूरच्या बाजूला जिथं आधी चेसिस घासायची तिथनं गाडी आरामात निघाली, मागं बसणाऱ्यांची कंबर पण वाचली. एक मात्र डोक्यात ठेवा, पाट्यांच्या किटनं डिफरन्शियल (ॲक्सलमधला गिअरचा गोळा) एक सूतसुद्धा वर जात नाही, ते फक्त मोठ्या टायरनं वर जातं. किटनं मिळते ती बॉडीखालची जागा आणि टायरला मडगार्डमध्ये फिरायची जागा. हे माहीत नसताना लोक पैसे घालतात आणि मग दगडावर त्याचं हाउसिंग आपटलं की किटला शिव्या देतात.

आता मुद्द्याचं. कोल्हापूर-सातारा हायवेला लागलो की ५५ ला बारीक गुणगुण सुरू, ६० ते ६५ मध्ये चालत्या मिक्सरवर बसल्यासारखं, आरशातल्या गाड्या धूसर, आणि ७५ च्या पुढं जरा कमी. स्टेअरिंग मात्र हातात शांत. थरथर सगळी सीटमधनं आणि पायाखालच्या पत्र्यातनं यायची. जिप्सीवाले म्हणतील जिप्सीत आवाज नाही ते काय आहे, ते खरंय, ट्रान्सफर केसची (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) रडगाणी मला पाठ आहेत. हे वेगळं होतं.

प्रत्येकानं एकच सांगितलं, टायर. बॅलन्सिंग करा. केलं. परत करा, मशीन दुसरीकडचं चांगलंय. तिथंही केलं. मग अलाइनमेंट, मग "रिम बेंड असेल", मग पुढचे टायर मागं, मागचे पुढं. दर वेळी पैसे गेले आणि थरथर जागच्या जागी. किट विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर काय, "सर सगळ्यांना व्यवस्थित बसतंय, तुमच्याच गाडीत जुना काहीतरी प्रॉब्लेम असणार." गाडी किट बसवायच्या आदल्या दिवसापर्यंत ८० ला गुपचूप पळत होती हे सांगितल्यावर साहेब म्हणाले लिफ्ट केल्यावर थोडं होतंच. थोडं म्हणजे किती ते विचारलं तर फोन कट.

इथनं पुढं मी डोकं वापरायचं ठरवलं, कारण बॅलन्सिंगवाल्याचं घर चालवायचा मक्ता मी घेतलेला नाही. फोनमध्ये थरथर मोजायचं फुकट ॲप असतं, सेकंदाला किती वेळा हलतंय ते हर्ट्झमध्ये दाखवतं, जिथं थरथर जास्त तिथं उंच रेघ. हिशोब असा. २१५/७५ आर १५ चा घेर साधारण २.२ मीटर. ६० च्या स्पीडला चाक सेकंदाला साडेसात फेरे मारतं. म्हणजे टायर किंवा रिमचा दोष असता तर रेघ साडेसात हर्ट्झच्या आसपास दिसली असती. प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा फिरता दांडा) चाकाच्या चौपटीच्या आसपास फिरतो, म्हणून शाफ्टचं वजन एका बाजूला असेल तर रेघ ३० जवळ येणार. आणि शाफ्टच्या टोकाचा क्रॉस (कोनातही फिरू देणारा सांधा) वाकड्या कोनात फिरत असेल तर एका फेऱ्यात दोन झटके, म्हणजे ६० हर्ट्झजवळ. मागचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) नक्की किती ते माहीत नसेल तर गाडी न्यूट्रल करून मागचं एकच चाक जॅकवर घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा, तोच आकडा. एक चाक जमिनीवर असतं म्हणून दोन फेरे, ही गोष्ट मेस्त्रीला पटवायला अर्धा तास गेला.

माझ्या फोनवर मोठी रेघ आली साठाच्या जवळ. तिसाला जराशी, साडेसातला काहीच नाही. सगळ्या बॅलन्सिंगच्या पावत्या तिथंच रद्दी.

जिप्सीत अजून एक छोटा शाफ्ट असतो, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मधला, कारण आपली ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. संशय त्याच्यावरही होता. पण हाय रेंजमध्येसुद्धा (रोजच्या चालीत) आपली केस १.४ च्या आसपास रिडक्शन देते, म्हणजे फेरे तेवढ्या पटीत कमी करते, त्यामुळं छोटा शाफ्ट मागच्यापेक्षा तेवढा जास्त फिरतो आणि त्याची रेघ चाळीस किंवा ऐंशीच्या पुढं पडायला पाहिजे होती. तिथं सपाट. खात्री म्हणून मागचा शाफ्टच काढून ठेवला, हब लॉक केले (म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडली), ४एच (फोर व्हील ड्राइव्ह) टाकलं आणि फक्त पुढच्या चाकांवर गाडी ६० ला नेली. शांत. ज्याला ॲपवर विश्वास नाही त्यानं एवढं एक करावं, बोल्ट खोलायला पैसे लागत नाहीत. फक्त शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर (बोल्टनं जोडायची चकती) आणि स्प्लाइनवर (शाफ्टचे एकमेकांत सरकणारे दाते) पेंटची खूण करा, स्प्लाइन एक दात जरी फिरवून बसली तर दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहत नाहीत आणि नवीनच थरथर गळ्यात पडते. माझे योक एका रेषेत होते, क्रॉसही टाइट होते.

मग राहिला कोन. नऊशेच्या आत मिळणारा चुंबकवाला डिजिटल अँगल गेज मागवला, या सगळ्या प्रकरणात पैसे वसूल झालेली ही पहिली वस्तू. सपाट फरशीवर, गाडी चारही चाकांवर उभी. जॅकवर उचलून मोजू नका, ॲक्सल लोंबतो आणि आकडे खोटे येतात. ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा उतार २.५ अंश, शाफ्टचा १३, पिनियनचा (मागच्या ॲक्सलमधला, शाफ्ट जिथं जोडतो तो गिअर) ६.५. म्हणजे पुढच्या क्रॉसला साडेदहा अंश आणि मागच्याला साडेसहा. मित्राच्या किट न बसवलेल्या जिप्सीवर मोजलं तर केस आणि पिनियनमध्ये अर्ध्या अंशाचा फरक. माझ्यात चार.

हे असं का, तर क्रॉस कोनात फिरला की पुढचं टोक एकसारखं फिरत असलं तरी मागचं टोक एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतं आणि दोनदा मागं रेंगाळतं, १० अंशाला हा फरक दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली इतका असतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो हे सगळं उलटं करून मिटवतो. कोन वेगळे झाले की मिटत नाही, उरलेलं सगळं तुमच्या सीटखाली. जिप्सीच्या मागच्या पाट्याचं शॅकल मागच्या टोकाला आहे, लांब शॅकल घातलं की पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि पिनियनचं नाक (पुढचं टोक) वर उचलतं. किट बनवणाऱ्याला हे माहीत नसेल? शॅकल कापताना, भोकं पाडताना, पावडर कोटिंग करताना एकदाही कुणाच्या मनात आलं नाही की नाक वर जाणार?

उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीच्या मध्ये घालायची लोखंडी पाचर, ४ अंशाची. बस. एवढीच वस्तू. आमच्या मेस्त्रीनं पहिल्यांदा कुठलीतरी ॲल्युमिनियमची आणून उलटी बसवली, कारण त्यानं अमेरिकेतल्या जीपचे फोटो बघितले होते आणि त्यात पिनियनचं नाक सरळ ट्रान्सफर केसकडं वर केलेलं असतं. पण त्या लोकांच्या शाफ्टला वरच्या टोकाला डबल कार्डन असतो, दोन क्रॉस एकाच ठिकाणी, तो आपला आपणच मिटवून घेतो. आपल्या साध्या शाफ्टला दोन्ही टोकं समांतरच लागतात. उलटी पाचर घेऊन ४० लाच गाडी अशी हलायला लागली की चौकातनं परत फिरलो. आपल्यात पाटा ॲक्सलच्या खाली असतो, म्हणून पाचरीची जाड बाजू मागं. हे वाक्य लिहून घ्या. पाटा ॲक्सलच्या वर घेतला असेल तर नेमकं उलटं.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्या मामांकडनं लोखंडाच्या दोन करून घेतल्या, सेंटर बोल्ट लांब घातला म्हणजे त्याचं डोकं बैठकीच्या भोकात नीट बसतं. मामांनी घेतले साडेसहाशे. चार नाही, पाच अंशाच्या केल्या, कारण पाट्याच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल पिळून नाक थोडं वर येतंच, म्हणून उभ्या गाडीत एक अंश खाली ठेवला. ६० ला आरसा स्थिर. बायको शेजारी बसली होती, ती म्हणाली गाडी बंद पडली का. या एका दिवसासाठी किटला पाचपैकी साडेचार दिले असते.

पावसाळ्यानंतरची भर. मधे चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की जराशी गुरगुर परत यायला लागली, सपाटीला काही नाही. मी लगेच पाचरीवर घसरलो, मोजलं तर कोन जागेवर. दोष निघाला ट्रान्सफर केसच्या रबर माउंटिंगचा, जुनी रबरं मऊ होऊन केस जोरात पिळत होती. ती बदलली आणि गेलं. याचा किटशी थेट संबंध नाही, वाढलेल्या कोनाचा असेलही, पण त्याचं खापर फोडण्याइतका मी दुष्ट नाही. ॲल्युमिनियमची पाचर कुणी देत असेल तर नको म्हणा, माझी ती उलटी बसलेली तेवढ्या थोड्या चालीत कडेला तडकली होती. यू-बोल्ट मात्र पाचर घातल्यावर शंभरेक किलोमीटरनं परत ओढून घ्या, माझे दोन सैल निघाले.

पाटे थोडे बसलेत, ते बसतातच. शॉकअप अजून कोरडे आहेत, गंज नाही. पुढच्या लांब शॅकलनं कॅस्टर (स्टेअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल) कमी झाल्यामुळं हायवेला स्टेअरिंग किंचित भटकतं, त्यासाठी पण पुढं पाचर लागते, ती पण किटमध्ये नाही, म्हणजे एकूण चार. आरटीओचं म्हणाल तर गाडीत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून ज्यानं त्यानं आपलं ठरवावं, विकणारे त्यावर एक शब्द बोलत नाहीत.

आणि आता कालची बातमी. त्याच विकणाऱ्याच्या यादीत नवीन वस्तू आलीय, तीच पाचर, "पिनियन करेक्शन वेज, जोडी, २८०० रुपये, ऑप्शनल." मी फोन करून विचारलं, ज्यांनी आधी किट घेतलंय त्यांना फुकट का? तर म्हणे सर तुम्हाला डिलिव्हरी चार्ज माफ करतो. मामांचा साडेसहाशेचा हिशोब त्याला व्हॉट्सॲप केलाय, निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही. किटला सध्या तीन स्टार.