उशी चांगली, अभ्रा मात्र वेगळा आणावा लागतो

पायथनमध्ये चित्रं बनवायला जी पिलो, म्हणजे उशी, नावाची लायब्ररी आहे, तिच्याबद्दलचा हा माझा अनुभव. सोलापूरच्या चाटी गल्लीत मामाचं चादरींचं दुकान आहे. बिल मराठीतच हवं हा त्याचा हट्ट, आणि प्रोग्राम माझा, पायथनमधला. स्क्रीनवर पहिलं बिल बघून मामा म्हणाला, "काय बे, रकमा अशा का पळायल्यात?"

पळतच होत्या. एफ-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकूर साच्यात बसवायच्या पायथनच्या सोयीत, नावाला 16 घरं दिली की पायथन कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) मोजतो आणि उरलेल्या घरांत स्पेस भरतो. 'चादर' त्याच्या लेखी 4, 'सोलापुरी' 8. काना, मात्रा, उकार सगळे सुटे धरून. आपल्याला दिसतात तीन आणि चार अक्षरं. मग रेजेक्स या मजकूर शोधणाऱ्या मॉड्यूलच्या बॅकस्लॅश-एक्स या खुणेनं अख्खी अक्षरं मोजली. थोडं सुधारलं, पण 'पु'चा उकार खाली लटकतो आणि 'सो'चा काना शेजारची जागा खातो, तेव्हा रकाना जुळणार कसा?

तसंही आमच्या तीन इंची थर्मल प्रिंटरच्या पोटात देवनागरी नाही, बिल चित्र करूनच पाठवायचं होतं. म्हणून फुकटातली पिलो घेतली. तिच्या गेटलेंग्थ या फंक्शनला मजकूर दिला की त्या फॉन्टमधली रुंदी पिक्सेलमध्ये मिळते. कागदाच्या रुंदीत 576 ठिपके. त्यातून रकमेची रुंदी वजा केली की ती कुठून छापायची ते कळतं. रकमा उजवीकडे ओळंब्यात आल्या. चादरीच्या दुकानात उशी लागली म्हणून मामा दिवसभर हसत होता.

आता अभ्र्याचं. जोडाक्षरं-वेलांट्या नीट मांडणारी रॅक्म ही वेगळी लायब्ररी हाताशी नसेल तर पिलो गुपचूप साध्या मांडणीवर जाते. 'किंमत'मधली वेलांटी क च्या उजवीकडे उमटते, 'टर्किश'चा रफार वर न चढता र चा पाय मोडून पडतो. एरर नाही, काही नाही. विंडोजवर रॅक्मला लागणाऱ्या फ्रिबिडी या लायब्ररीची डीएलएल फाइल वेगळी आणून ठेवावी लागते, हे कळण्यात माझा अख्खा रविवार गेला. तुम्ही आधी पिलोच्या फीचर्स-चेक या फंक्शनला 'रॅक्म' आहे का विचारा. फॉल्स आलं तर मराठी छापायला घेऊच नका.

एवढं सोडलं तर पाचपैकी चार तारे. मामाला आता शहराच्या पूर्व भागातल्या गिऱ्हाइकांची नावं तेलुगूत हवी आहेत. आमच्या मुक्ता फॉन्टमध्ये तेलुगू नाही, नोटो सान्स तेलुगू वेगळा लोड करावा लागणार. म्हणजे अजून एक रविवार.