सीपीएल फिल्टर: मुंबईत कुठे कामाचा, कुठे नाही

मरीन ड्राइव्हवर मावळत्या सूर्याकडे तोंड करून सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा, चकाकी कापणारा फिल्टर) फिरवत बसण्यात काही अर्थ नाही. त्याचा जोर चालतो सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात. सूर्य समोर किंवा पाठीशी असला की परिणाम जवळपास शून्य. डिसेंबरच्या धुरकट क्षितिजावरही फार अपेक्षा नकोत.

खरी वसुली झाडांत होते. जुलैत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ओल्या पानांवरची पांढरी चकाकी तो ढगाळ उजेडातही कापतो आणि हिरवा रंग वर येतो. फिल्टरची कडी सावकाश फिरवा, चकाकी गेली की थांबा. कॅमेरा आडव्याचा उभा केला की कडी पुन्हा जुळवावी लागते, हे हमखास विसरलं जातं.

उजेड दीड ते दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा): १/१२५ चा शटर १/३० वर येतो. ट्रायपॉड नसेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवा. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमीपेक्षा रुंद लेन्स लावली, तर निळ्या आकाशात गडद पट्टा उमटतो. तो नंतर काढणं महाकटकटीचं.

समुद्रावरून आल्यावर कडी पुसाच, खारामुळे ती जाम होते. लेन्सवर अडकलीच तर जोरात दाबू नका, दाबाने ती लंबगोल होऊन आणखी आवळते. रबरबँड गुंडाळून हलकेच फिरवा.