स्टॅटिनच्या जोडीला काय घ्यावं: इसबगोल की लाल यीस्ट तांदूळ?

कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, चालू आहे आणि सोबत काहीतरी ‘वनस्पतिजन्य’ घ्यायचं मनात आहे, तर आधी एवढंच विचारा: हे काम कुठे करतं, आतड्यात की रक्तात?

लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलमध्ये मोनॅकोलिन के असतं. नाव वेगळं, पण रेणू लोवास्टॅटिन या स्टॅटिन औषधाचाच. अटोरवास्टॅटिनसारख्या स्टॅटिनच्या गोळीसोबत ती घेतली की पोटात दोन स्टॅटिन जातात, आणि दुसऱ्याची मात्रा नक्की कळत नाही, कारण कंपनीगणिक ती बदलते. आडाखा चुकला तर मांड्या-खांदे दुखतात, जिना चढवत नाही. लघवी काळपट-तपकिरी झाली तर स्नायू विरघळत असण्याची शक्यता असते; दोन्ही बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. युरोपीय संघाने 2022 मध्ये मोनॅकोलिनची रोजची मात्रा 3 मिलिग्रॅमच्या खाली आणली, ती उगाच नव्हे. स्टॅटिन घेणाऱ्याने हा नाद सोडलेला बरा.

इसबगोल रक्तात शिरतच नाही. आतड्यात फुगून ते पित्ताम्लं धरतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज साधारण 10 ग्रॅम नियमित घेतल्यास एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 5 ते 10 टक्के उतरतं. स्टॅटिनची मात्रा दुप्पट करूनही जेमतेम 6 टक्केच जास्त उतरतं, हे लक्षात घेतलं तर हा फायदा कमी नाही. गोळी मात्र त्याच घोटाबरोबर नको, दोघांत किमान 2 तास ठेवा. सुरुवात 5 ग्रॅमने करा, नाहीतर पोट फुगतं. भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्या; घट्ट होऊ दिलं तर घशात अडकतं. गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये.

गुग्गुळाचा दबदबा मोठा, पण 2003 च्या एका नियंत्रित चाचणीत एलडीएल उलट वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. लसणाच्या कॅप्सूलचा परिणाम किरकोळ. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला मात्र त्याने रक्तस्रावाचा धोका.

सेंट जॉन्स वॉर्ट हे वनस्पतिजन्य औषध कोलेस्टेरॉलसाठी कोणी घेत नाही, उदास वाटतं म्हणून घेतात. ते यकृतातलं सीवायपी3ए4 हे औषधं मोडणारं एन्झाइम वाढवतं आणि सिमवास्टॅटिन, अटोरवास्टॅटिन ही स्टॅटिन लवकर निकामी होतात. रिपोर्ट बिघडतो, खापर गोळीवर फुटतं आणि डॉक्टर मात्रा वाढवतात. म्हणून तपासणीला जाताना सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या.