बीजिंगमध्ये रस्त्यावर कुणी चहाला बोलावलं तर जाऊ नका

वांगफूचिंग रस्त्यावर किंवा तिआनआनमेन चौकाच्या आसपास कॉलेजात शिकणाऱ्या वाटाव्यात अशा हसतमुख मुली ‘कुठून आलात?’ म्हणत बोलायला आल्या, तर गप्पा रस्त्यावरच आटपा. त्यांच्यासोबत चहाला जाऊ नका. आमचे जवळजवळ २४,००० रुपये असे गेले, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात फोटोपासून होते. ‘आमचा एक फोटो काढता का?’ मग, आम्ही शिआनहून फिरायला आलोय, इंग्रजीचा सराव करायचाय. भारत म्हटल्याबरोबर आमीर खानचा विषय. तो तिकडे खरोखरच लोकप्रिय आहे, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नसतं. पाच-दहा मिनिटांनी सहज निघाल्यासारखा विषय निघतो: इथे जवळच पारंपरिक पद्धतीनं चहा करून दाखवतात, आम्ही तिकडेच चाललोय, येता का?

ती जागा म्हणजे मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली. बाहेर पाटी नाही. छिपाव, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा चिनी झगा, घातलेल्या बाईनं झाकणाच्या कपात पानं टाकली, पहिलं पाणी तोंडात नाणं धरलेल्या मातीच्या तीन पायांच्या बेडकावर ओतलं आणि दुसरं आम्हाला दिलं. संध्येच्या पळीत मावेल एवढा चहा. मोगऱ्याचा झाला, मग तिएग्वानयिन, मग पुअर, मग काचेच्या पेल्यात उमलणारं फूल. हा डोळ्यांना चांगला, हा यकृताला. एक संपायच्या आत पुढचा डबा उघडलेला असायचा.

दरपत्रक सुरुवातीला दाखवलं होतं, पण ते त्या मुलींनीच चाळून मिटून ठेवलं. त्यातला दर प्रत्येक चहाचा आणि प्रत्येक माणसाचा वेगळा होता. शिवाय खोलीचं भाडं. आमच्या दोघांच्या वाट्याला २,००० युआनच्या वर आले. मुलींनी आपला वाटा मुकाट्यानं काढून ठेवला आणि तिथेच आमचं तोंड बंद झालं. त्या दुकानाच्याच असतात, त्यांचे पैसे त्यांना परत मिळतात, हे हॉटेलवरच्या रिसेप्शनिस्टनं सांगितलं. तिनंच ११० ला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, फोन लावून दिला. पोलीस आमच्यासोबत तिथे आले आणि निम्मे पैसे परत मिळाले. आम्ही त्याच दिवशी गेलो आणि कार्डाची स्लिप जवळ होती, म्हणून एवढं तरी झालं. शांघायला नानजिंग रस्ता आणि पीपल्स स्क्वेअरच्या भागात हाच प्रकार चालतो.

मला सगळ्यात जास्त चीड याची येते की चीनमध्ये चहा चाखण्याचे पैसे सहसा कुणी घेतच नाही. बीजिंग पश्चिम स्टेशनच्या दक्षिणेला मालिएनताओ हा अख्खा रस्ता चहाच्या दुकानांचा आहे. तिथे दुकानदार समोर बसवून तीच भांडी, तीच पद्धत दाखवतो, हवे ते दोन-तीन चहा पाजतो आणि मग भाव सांगतो, तोही जिनचा, म्हणजे ५०० ग्रॅमचा. पन्नास ग्रॅमच घ्या, चालतं. कार्यक्रमासकट चहा हवा असेल तर छिएनमेनला १९८८ पासूनचं लाओ श चहागृह आहे. तिथे तिकीट आधीच काढायचं असतं.

आणि चुकून अशा खोलीत जाऊन बसलातच, तर पहिल्या कपाआधी दरपत्रकाचा मोबाइलवर फोटो काढा. काढू देत नसतील तर सरळ उठा. बिल समोर आलंच, तर कार्ड देण्याआधी त्यांच्यासमोरच ११० लावा.